शंभर टक्क्यांतून सुटलेली बाळं : आरोग्य केंद्राच्या पातळीवर लसीकरण कसं वाढवायचं

महिनाअखेरच्या बैठकीत एका उपकेंद्राचं लसीकरण १०३ टक्के दिसतं. त्याच उपकेंद्राच्या हद्दीत, गावापासून दीड किलोमीटरवरच्या वीटभट्टीत, आठ महिन्यांचं एक बाळ असतं. त्याला जन्मापासून एकही लस मिळालेली नसते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण उद्दिष्ट लोकसंख्येच्या अंदाजावरून ठरतं. माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकींची बाळं लस घेतात आणि वरच्या आकड्यात, म्हणजे लस मिळालेल्या बाळांत, जमा होतात. वीटभट्टीवरचं बाळ मात्र खालच्या आकड्यात, म्हणजे अपेक्षित बाळांतच नसतं. जे बाळ मोजलंच नाही, ते कुठल्याही टक्केवारीत सुटलेलं दिसणार नाही.

म्हणून टक्केवारी बाजूला ठेवून नावांपासून सुरुवात करायची. पुढची रीत एका प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी, म्हणजे सपाटीवर साधारण ३० हजार आणि डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येसाठी आहे. कोल्हापूर जिल्ह्यात हे दोन्ही प्रकार आहेत. शिरोळ-हातकणंगल्याची दाट, बागायती गावं एकीकडे, तर शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, चंदगडचे विखुरलेले वाडे दुसरीकडे. दोन्हीकडे यादी करण्याची पद्धत एकच आहे, लसीकरणाच्या सेशनची आखणी मात्र पूर्ण वेगळी.

पहिलं काम : पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची यादी

आधी एक ढोबळ हिशेब करून ठेवा. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला, तर ५,००० वस्तीच्या उपकेंद्रात वर्षाला सुमारे ७५ जन्म आणि महिन्याला सहा-सात नवी बाळं अपेक्षित आहेत. तुमच्या रजिस्टरात वर्षभरात ५० च जन्म असतील, तर पंचवीस बाळं कुठेतरी आहेत आणि ती शोधायची आहेत. ९५ असतील, तर माहेरवाशिणींची बाळं किती ते वेगळं काढायचं आहे. हा हिशेब उद्दिष्ट म्हणून वापरू नका. यादी विश्वासाची आहे की नाही, एवढंच तो सांगतो.

यादी एका जागी बसून होत नाही. आरसीएच (माता-बाल आरोग्य) रजिस्टरातल्या गरोदर मातांची अपेक्षित बाळंतपणाची तारीख, अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर, ग्रामपंचायतीची जन्मनोंद, लसीकरणाची ऑनलाइन नोंद ठेवणारं यू-विन पोर्टल आणि पल्स पोलिओच्या टीमने केलेली घरांची नोंद हे सगळं एकत्र मांडावं लागतं. त्यानंतर आशाताईंनी प्रत्यक्ष घरोघरी फिरायचं. एका आशाच्या हजार वस्तीत दोनशे-सव्वादोनशे घरं धरली, तर रोज पंचवीस-तीस घरांप्रमाणे आठ दिवसांत फेरी पूर्ण होते. एका दिवसात उरकलेली फेरी म्हणजे जुन्या यादीची नक्कल समजावी.

याद्या जुळवताना सगळ्यात जास्त गोंधळ नावांचा होतो. बारशाआधी बाळाला नाव नसतं, म्हणून नोंद 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव अशी असते. मग बारशानंतर तेच बाळ नव्या नावाने दुसऱ्यांदा नोंदलं जातं. आईचं माहेरचं आणि सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे तिसरी नोंदही होते. म्हणून जुळवणी बाळाच्या नावावर करू नका. आईचं पहिलं नाव, बाळाची जन्मतारीख आणि घरातला एक चालू मोबाईल नंबर या तीन गोष्टींवर करा. घरातल्या दोन माणसांचे नंबर घ्या, कारण रिचार्ज संपलेला नंबर पाठपुराव्याच्या ऐन दिवशीच बंद लागतो.

यादीत एक रकाना हवाच : 'बाळ सध्या कुठे झोपतं?' बाळ माहेरी असेल तर माहेरच्या उपकेंद्राने लस द्यायची आणि सासरच्या सिस्टरला फोनवर कळवायचं. 'आमच्या गावची नाही' हे उत्तर या कामात चालत नाही.

प्रत्येक वस्तीला एक अक्षर द्या. मूळ गावठाण, मळ्यातली घरं, धनगरवाडा, वीटभट्टी, औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या खोल्या, ऊसतोड टोळीचा अड्डा. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल या औद्योगिक पट्ट्यांच्या आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्यांची गल्ली यादीतून हमखास गळते, कारण ती ना गावकऱ्यांच्या बोलण्यात असते ना ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत.

गळती कुठे आहे ते दोन आकड्यांत काढा

यादी झाली की पेंटाचा, म्हणजे एका सुईत पाच रोगांविरुद्धच्या लसीचा, पहिला आणि तिसरा डोस पाहा. समजा, पेंटा-१ मिळालेली बाळं ७२ आणि पेंटा-३ मिळालेली ६१ आहेत. फरक ११, त्याला ७२ ने भागून शंभरने गुणलं की गळती येते १५ टक्के. दहाच्या वर गेली की बाळं सेशनला येतात, पण परत येत नाहीत, असा त्याचा अर्थ. दोष सेशनच्या अनुभवात किंवा पाठपुराव्यात असतो.

पेंटा-१ च कमी असेल तर अर्थ वेगळा. तिथे बाळांपर्यंत आपण पोचलोच नाही. पेंटाचा पहिला डोसही न मिळालेल्या बाळाला आपण झिरो डोस म्हणतो. दोन्हींचे उपाय उलटे आहेत. पोचलोच नाही तर नवं सेशन उघडायचं. परत येत नाहीत तर आहे तेच सेशन सुधारायचं. जागा वाढवून गळती थांबत नाही.

बीसीजीवरून, म्हणजे क्षयरोगाच्या लसीवरून, गळती काढायचा मोह टाळा. बीसीजी बहुतेकदा जिथे प्रसूती होते तिथे, म्हणजे कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा एखाद्या खाजगी नर्सिंग होममध्ये मिळते. ती तुमच्या उपकेंद्राच्या आकड्यात येत नाही आणि हिशेब उलटा दिसतो. दुसरी मोठी गळती गोवर-रुबेलाच्या पहिल्या आणि दुसऱ्या डोसमध्ये असते. नऊ महिन्यांचा डोस झाला की घरच्यांना सगळं संपल्यासारखं वाटतं आणि सोळाव्या महिन्यापर्यंत कार्ड कपाटात जातं. गोवर थांबवायचा तर दोन्ही डोस मिळून ९५ टक्के मुलं सुरक्षित लागतात. २०२२ मध्ये मुंबईत गोवराचा उद्रेक झाला तेव्हा ही फट किती महागात पडते ते राज्याने पाहिलं.

प्रत्येक सुटलेल्या नावासमोर एक कारण

सुटलेल्या बाळांच्या यादीत 'नकार' हा शब्द फार सैल वापरला जातो. आशाताई दोनदा गेल्या, घराला कुलूप होतं, तर लिहिलं जातं नकार. त्याऐवजी चारच कारणं ठेवा :

- आपण पोचलो नाही : सेशन लांब, रस्ता बंद, वस्ती यादीत नाही.
- त्यांना माहीत नव्हतं : तारीख कळली नाही, कार्ड हरवलं, फोन बंद.
- आले आणि परत गेले : लस संपली, सिस्टर उशिरा आली, सर्दी आहे म्हणून परत पाठवलं, कुपी उघडली नाही.
- खरोखर नको म्हणाले.

अशी वाटणी केली की चौथ्या रकान्यात मोजकीच घरं राहतात. नकार देणारी घरं सगळ्यांच्या लक्षात राहतात म्हणून ती जास्त वाटतात. तिसऱ्या रकान्याकडे मात्र बैठकीत कुणी बोट दाखवत नाही, कारण ते बोट आपल्याचकडे वळतं.

सर्दी, हलका ताप, साधे जुलाब, दात येणं, कमी वजन किंवा अँटिबायोटिक चालू असणं ही लस टाळण्याची कारणं नाहीत. महिनाभर आधी जन्मलेल्या बाळाचंही वय जन्मतारखेपासूनच मोजायचं. बाळाला खूप ताप असेल, ते आजारी, मलूल असेल तर पुढे ढकला. आधीच्या डोसला तीव्र अॅलर्जी झाली असेल तर ती लस थांबवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. ही दोन्ही वाक्यं सेशनच्या टेबलावर चिकटवून ठेवा.

उशीर झालेल्या बाळाच्या बाबतीत दुसरी चूक होते : 'आता पहिल्यापासून घ्यावं लागेल.' तसं काही नाही. दिलेला डोस वाया जात नाही. राहिलेला डोस द्यायचा आणि पुढच्या डोसमध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवायचं. बीसीजी एक वर्षापर्यंत देता येते. पेंटा, रोटा (जुलाबाविरुद्धची) आणि पीसीव्ही (न्यूमोनियाविरुद्धची) एक वर्षाच्या आत सुरू झालेले असतील तर पुढे पूर्ण करायचे. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत आणि डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) सात वर्षांपर्यंत देता येते. जन्माचा हिपॅटायटिस बी डोस मात्र २४ तासांच्या आतच, आणि पोलिओचा शून्य डोस पहिल्या १५ दिवसांतच. म्हणून ते दोन प्रसूती कक्षातच पक्के करावे लागतात.

सेशनची आखणी : सुयांचा हिशेब

बाळं मोजून सेशन ठरवलं की दिवस अपुरा पडतो, म्हणून सुया मोजा. दीड महिन्याला तीन सुया : पेंटा, फ्रॅक्शनल आयपीव्ही (पोलिओची कमी मात्रेची सुई), पीसीव्ही. अडीच महिन्याला एक. साडेतीन महिन्याला पुन्हा तीन. नऊ महिन्याला तीन : गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर आणि आयपीव्हीचा तिसरा, जो जानेवारी २०२३ पासून आला. सोळा ते चोवीस महिन्यांत दोन : गोवर-रुबेलाचा दुसरा आणि डीपीटीचा बूस्टर. जन्मावेळच्या सोडून एका बाळाला बारा सुया. वर्षाला ७५ बाळं असतील तर ९०० सुया, म्हणजे महिन्याला पंचाहत्तर. त्यावर गरोदर मातांचे टीडी (धनुर्वात-घटसर्प) आणि पाच वर्षांचा डीपीटी. एका सिस्टरला हे एका सकाळी नीट जमत नाही. बोलणं, कार्ड भरणं, अर्धा तास थांबवणं हे सगळं गळून पडतं आणि पुढच्या महिन्यात गळती वाढलेली दिसते. अशा उपकेंद्रात महिन्याला दोन सेशन हवीत, वेगवेगळ्या टोकांना.

लसीची मागणीही याच यादीवरून काढा. सहा बाळं गुणिले पेंटाचे तीन डोस म्हणजे अठरा. दहा टक्के वाया जाणार धरून १.११ ने गुणलं की वीस डोस, म्हणजे दहा डोसांच्या दोन कुप्या. बीसीजीला हा गुणक दोनपर्यंत जातो, कारण उघडलेली कुपी चार तासांनी टाकून द्यावी लागते.

यावरूनच एक नियम ठाम करायचा : एकच बाळ आलं तरी बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी उघडायची. 'चार बाळं जमली की या' असं म्हणून वाचवलेल्या डोसांपेक्षा परत न आलेलं बाळ महाग पडतं. हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लेखी सांगावं लागतं, नाहीतर सिस्टर वाया गेलेल्या डोसांच्या टक्केवारीला भिऊन बाळ परत पाठवते.

वेळेचंही गावावर अवलंबून असतं. ज्या गावात सकाळी दूध संकलनाची धांदल असते तिथे आठ वाजता बायका येणार नाहीत, दहा बरे. आठवडी बाजाराच्या दिवशी सेशन ठेवू नका. अमावास्येला बाळ घराबाहेर काढायचं नाही असं मानणारी घरं आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा कॅलेंडर बघून तारीख ठरवणं सोपं. गावची जत्रा, जोतिबाची चैत्र यात्रा आणि आषाढातली त्र्यंबोली यात्रा यांच्याही तारखा आधीच बघून ठेवा. आणि ठरवलेला वार बदलू नका. 'दुसरा मंगळवार' हे एकदा गावाच्या अंगवळणी पडलं की निम्मी बाळं बोलावणं न करता येतात. एक सेशन रद्द झालं तर ती सवय मोडायला तेवढं पुरतं.

गगनबावडा-राधानगरीच्या वाड्यांसाठी मे संपायच्या आत पावसाळी आराखडा हवा : कोणता ओढा कधी आडवा येतो, लस कुठपर्यंत मोटारसायकलने जाते, तिथून चालत कोण नेतं. सहज पोचता न येणाऱ्या वाड्याला वर्षातून किमान चार सेशन मिळालीच पाहिजेत. त्यातलं एक मेच्या शेवटी आणि एक ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

शीतसाखळी : थंडी कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचा धोका

लस उन्हाने खराब होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोठून खराब होते हे विसरलं जातं. पेंटा, हिपॅटायटिस बी, डीपीटी, टीडी, आयपीव्ही आणि पीसीव्ही गोठली की निकामी होतात, आणि कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारी खूण, ते दाखवत नाही. तो फक्त उष्णता दाखवतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस वापरा, वर्तुळाइतका गडद झाला की टाकून द्या.

लस गोठते ती बहुतेकदा आरोग्य केंद्राच्या दारात. पहाटे लस पोचवणारा माणूस घाईत असतो, डीप फ्रीझरमधून काढलेले आईसपॅक तसेच लस नेण्याच्या डब्यात, म्हणजे कॅरियरमध्ये जातात आणि पेंटाची कुपी त्यांना चिकटून बसते. आईसपॅक आधी बाहेर टेबलावर ठेवा. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला लागला की तो वापरायला तयार. मग चार आईसपॅक कॅरियरमध्ये, आणि कुप्या झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून मध्ये. यासाठी निघण्याच्या वेळेआधी कुणीतरी केंद्रावर हजर असावं लागतं. त्याचं नाव ड्यूटी चार्टवर लिहा, नाहीतर ते काम कुणाचंच नसतं.

आयएलआरमध्ये, म्हणजे लस साठवायच्या बर्फाच्या अस्तराच्या फ्रिजमध्ये, तापमान २ ते ८ अंश. गोठणाऱ्या लसी वरच्या बास्केटमध्ये, पोलिओचे थेंब, बीसीजी आणि गोवर-रुबेला तळाला. त्या-त्या लसीसोबत आलेलं द्रावणच वापरायचं आणि तेही वापराआधी किमान २४ तास थंड ठेवलेलं हवं. तापमानाची नोंद दिवसातून दोनदा, रविवारी आणि दिवाळीतही. पावसाळ्यात वीज गेली की झाकण उघडून बघायचा मोह आवरा. झाकण बंद राहिलं तर आतला बर्फ बराच वेळ सांभाळतो.

सेशनच्या दिवशी

आदल्या दिवशी ड्यू लिस्टमधल्या, म्हणजे डोस देय असलेल्या बाळांच्या यादीतल्या, प्रत्येक घरी फोन किंवा निरोप. ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरची घोषणा चालते, पण ती सगळ्यांसाठी असते आणि म्हणून कुणासाठीच नसते. आशाताईने उंबऱ्यावर जाऊन सांगितलेलं नाव लक्षात राहतं.

टेबल मांडा ते अशा क्रमाने : नोंद, तपासणी, लस, थांबायची जागा. बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या कुपीत द्रावण मिसळलं की लगेच तिच्यावर वेळ लिहा. चार तासांनंतर ती कुपी टाकायची, कितीही उरली असली तरी. अशी जुनी कुपी वापरण्याच्या चुकीतून बाळांचे जीव गेल्याच्या घटना जगात घडल्या आहेत. पेंटा, पोलिओ, टीडी, पीसीव्हीच्या उघडलेल्या कुप्या व्हीव्हीएम ठीक असेल तर २८ दिवसांपर्यंत चालतात. त्यांच्यावर उघडल्याची तारीख हवी. सुई परत टोपणात घालायची नाही, थेट सुई कापणाऱ्या हब कटरमध्ये.

दीड महिन्याच्या बाळाला आधी तोंडाची लस, मग उजव्या दंडात आयपीव्ही ०.१ मिली कातडीत, मग डाव्या मांडीत पेंटा आणि उजव्या मांडीत पीसीव्ही, प्रत्येकी ०.५ मिली. आईने बाळ मांडीवर घ्यावं, लगेच दूध पाजावं. जागा ठरलेली असते म्हणून महिन्यानंतरही 'डावी मांडी सुजली' म्हटलं की कुठली लस ते कळतं.

अर्धा तास थांबवायचं. अॅनाफिलॅक्सिस किट (तीव्र अॅलर्जीवरच्या तातडीच्या औषधांचं) टेबलावर उघडं हवं, अॅड्रेनलिनची मुदत दर महिन्याला तपासलेली आणि वयानुसार मात्रेचा तक्ता किटच्या झाकणावर चिकटवलेला.

आईला चारच गोष्टी सांगा : आज काय दिलं, काय होऊ शकतं, पुढची तारीख, कार्ड जपून ठेवा. दुसरी गोष्ट नेमकी सांगा. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप आणि मांडीला सूज येऊ शकते. वजनानुसार पॅरासिटॅमॉलचं प्रमाण लिहून द्या. गोवर-रुबेलानंतर ताप किंवा पुरळ लगेच नाही, सात ते दहा दिवसांनी येतं. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो आणि वण राहतो. त्यावर हळद, तेल, मलम काही लावायचं नाही. वण उठला नाही म्हणून परत बीसीजीही नको. हे आधी सांगितलं तर ताप म्हणजे ठरलेली गोष्ट वाटते. न सांगता ताप आला तर सासूबाई पुढच्या वेळी दारातच अडवतात, आणि त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

बोलायचं कसं

'ताई, बाळाला लस द्यायची का?' असं विचारलं की 'बघू पुढच्या महिन्यात' हे उत्तर तयार असतं. 'ताई, मंगळवारी बाळाचा दीड महिन्याचा डोस आहे, दहाला या, मी अंगणवाडीत आहे' असं सांगितलं की बोलणं वेळेवर आणि जागेवर येतं.

बाळंतिणीचा सव्वा महिना पाळणारी घरं अजून खूप आहेत. त्याविरुद्ध बोलायची गरज नाही, कारण पहिला डोस ४२ व्या दिवशी येतो आणि सव्वा महिना त्याआधीच संपतो. उलट त्याचाच उपयोग करा : 'सव्वा महिना झाला की पुढच्या मंगळवारी पहिला डोस.'

'एका दिवशी तीन सुया कशाला?' या प्रश्नाला शास्त्र सांगत बसू नका. तीन वेळा हेलपाटे, तीन वेळा रडणं आणि मधल्या काळात उघडं राहिलेलं बाळ, एवढं मांडलं की आजीच उत्तर देते. घरात निर्णय कुणाचा चालतो ते आशाताईला माहीत असतं. त्या माणसाशीच बोला. खरा नकार असेल तर गाव मानतो अशा माणसाला सोबत न्या, आणि एकाच भेटीत निकाल लावायचा हट्ट धरू नका.

सात दिवसांची फेरी

सेशन संपल्यावर ड्यू लिस्टमधली न आलेली नावं त्याच संध्याकाळी वेगळी काढायची. टिकलर बॅगेत, म्हणजे महिन्यांचे कप्पे असलेल्या पिशवीत, कार्डाची अर्धी प्रत पुढच्या देय महिन्याच्या कप्प्यात जाते. न आलेल्यांची याच महिन्याच्या कप्प्यात राहते. महिना संपताना तो कप्पा रिकामा नसेल तर काम बाकी आहे. यू-विन आल्यावर बॅग जुनाट वाटू लागली आहे, पण रेंज नसलेल्या वाडीत कप्प्यात बोट घातलं की नाव मिळतं.

फेरीची शिस्त अशी : दोन दिवसांत फोन, चार दिवसांत आशाताईची भेट, सातव्या दिवशी सिस्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची भेट, आणि पुढच्या सेशनची वाट न बघता केंद्रावरच्या जवळच्या दिवशी लस. वेळ संपत आली की नाव पुढच्या महिन्यात ढकलायचा मोह होतो. साडेतीन महिन्याचा डोस असा दोनदा ढकलला की तो पुढे नऊ महिन्याच्या डोसलाच मिळतो.

आशाताईंच्या मानधनाच्या दाव्याचीही एक गंमत आहे. पूर्ण लसीकरण झालं की दावा भरला जातो. म्हणून एक वर्ष पूर्ण झालेली बाळं आणि भरलेले दावे जुळवले की, ज्यांचा दावा नाही ती नावं आपोआप पाठपुराव्याची यादी होतात.

ऊसतोड टोळ्या : वेगळी मोहीम

कोल्हापुरात दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो आणि बीड, अहिल्यानगर, परभणीकडून टोळ्या येतात. मार्चपर्यंत त्या इथे असतात. पाच महिन्यांत दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याचे तिन्ही डोस बसतात. म्हणजे एखादं बाळ फडातच पूर्ण सुरक्षित होऊ शकतं किंवा फडातच पूर्ण निसटू शकतं.

यादी कारखान्याच्या शेती विभागाकडून मिळते : कोणता मुकादम, किती कोयते (तोडणाऱ्या जोड्या), कोणत्या गटात. रोज तोड कुठे आहे हे चिटबॉयला, म्हणजे तोडीची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, माहीत असतं. त्याचा नंबर सिस्टरच्या फोनमध्ये हवा. बैलगाडीच्या टोळ्या कारखान्याजवळच्या अड्ड्यावर मुक्कामी असतात. तिथे ठरलेलं सेशन चालतं. ट्रॅक्टरच्या टोळ्या गावोगाव सरकतात. त्यांच्यामागे फिरतं पथकच न्यावं लागतं. माणसं पहाटे अंधारात फडात जातात, म्हणून सकाळी दहाला कोप्यांवर (त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर) म्हातारी माणसं आणि मोठी भावंडंच सापडतात. दुपारी उशिरा जा. आदल्या दिवशी मुकादमाकडून निरोप पोचवा, नाहीतर गाडी बघून माणसं पांगतात.

कार्ड नसेल तर यू-विनवर आईच्या मोबाईलवरून शोधा. तिथेही नसेल तर दंडावर वण बघा, आईला विचारा : सुई मांडीत की दंडात, किती वेळा. पुरावा नसेल तर डोस मिळालेला नाही असं धरून सुरू करा. एखादा डोस जास्त झाला तर चालतं, राहून गेला तर नाही.

टोळ्या उठायच्या आधी, फेब्रुवारीच्या शेवटी, प्रत्येक आईच्या कार्डावर पुढच्या डोसची तारीख मोठ्या अक्षरात लिहा आणि यू-विनवर नोंद पूर्ण करा. तिच्या गावच्या आरोग्य केंद्राला यादी पाठवा. वीटभट्ट्यांनाही हीच रीत, फक्त त्यांचा हंगाम पावसाळा सुरू होईपर्यंत लांबतो.

शहर आणि खाजगी दवाखाने

कोल्हापूर आणि इचलकरंजीत गावासारखी आशाची घट्ट वीण नाही आणि शेजाऱ्यालाही शेजारी माहीत नसतो. इचलकरंजीत यंत्रमाग बंद असतील त्या दिवशी सेशन ठेवा आणि कारखानदारांच्या मदतीने कामगारांच्या खोल्यांची यादी करा.

खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे लस घेतलेली बाळं आपल्या यादीत 'बाकी' दिसतात. आशाताई तीन वेळा जाते आणि चौथ्या वेळी घरचे चिडतात. कार्डाचा फोटो घ्या, तारखा यादीत भरा, रकान्यात 'खाजगी' लिहा आणि पुढच्या तारखेपर्यंत त्यांना सोडा. मात्र खाजगीत बीसीजी ठराविक वारीच मिळते का आणि जन्माचा हिपॅटायटिस बी डोस २४ तासांत पडतो का, हे परिसरातल्या प्रत्येक नर्सिंग होमला जाऊन विचारा. सोमवारी बीसीजी आणि शनिवारी डिस्चार्ज, यातच कित्येक बाळं सुटतात.

शाळेतले टीडीचे डोस, दहा आणि सोळा वर्षांचे, तुलनेने सोपे आहेत. पाचवी आणि दहावीची पटसंख्या घ्या, गैरहजर मुलांची नावं लिहून दोन आठवड्यांनी परत जा.

पुराची तयारी

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनी शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातल्या घरांतली कार्डं भिजवून नेली. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा आणि त्याचा फोटो घरातल्या दोन फोनमध्ये. जूनआधी ड्यू लिस्टची एक प्रत उंचावरच्या केंद्रात ठेवा. निवारा केंद्रात पहिल्या दिवशीच पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करा. गर्दीत गोवर वणव्यासारखा पसरतो, म्हणून ज्यांचा गोवर-रुबेलाचा डोस बाकी आहे त्यांना तिथेच द्या.

महिन्याची बैठक : एक पान, पाच आकडे

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रत्येक उपकेंद्राचं एकच पान बघावं : यादीतली बाळं किती, झिरो डोस किती, पेंटा-१ ते ३ गळती, गोवर-रुबेला १ ते २ गळती, ठरलेल्यांपैकी झालेली सेशन किती. बाकीचा अहवाल पोर्टलवर जातच असतो. शंभराच्या वर आकडा आला की शाबासकी देऊ नका, यादी मागा.

आणि दर महिन्याला एका उपकेंद्रात, सेशननंतरच्या आठवड्यात, अधिकाऱ्यांनी किंवा आरोग्य सहाय्यिकेने स्वतः दोन वर्षांखालचं मूल असलेली वीस घरं बघायची. गावठाणातली नव्हे, सगळ्यात शेवटच्या वस्तीतली. वीसपैकी दोन बाळं जरी यादीत सापडली नाहीत, तरी त्या वस्तीची मोजणी पुन्हा, दुसऱ्या आशाताईला सोबत देऊन, त्याच आठवड्यात करायची.